गाडीच्या पॉलिसीला मागची तारीख का लावता येत नाही

मी सांगलीत गाड्यांचे विमे काढून देते. फोनवर लोक काय काय विचारतात, पण एक विनंती अशी आहे की ती करणाऱ्याच्या आवाजावरूनच कळतं, काहीतरी होऊन गेलंय. "ताई, तेवढी मागची तारीख टाकता येईल का?"

नाही येत. गाडीचा विमा कालपासून सुरू करता येत नाही. हे मी पहिल्याच वाक्यात सांगून टाकते, कारण त्या वेळी समोरच्याला गॅरेज, दवाखाना, पोलीस यांतलं काहीतरी निस्तरायचं असतं, आणि खोट्या आशेवर दोन दिवस घालवणं त्याला परवडणारं नसतं.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात हा प्रश्न मी सर्वांत जास्त ऐकला. आयर्विन पुलाजवळचं पाणी किती फुटांवर गेलं यावर सगळं शहर डोळे लावून बसलं होतं. ज्यांना वेळेत जमलं त्यांनी गाड्या विश्रामबागेकडे आणून लावल्या. शामरावनगरमधल्या एका निवृत्त सरांना ते जमलं नाही. त्यांची वॅगनआर स्टिअरिंगच्या वरपर्यंत पाण्यात राहिली. पाणी ओसरल्यावर त्यांचा फोन आला. पॉलिसी २८ जुलैच्या मध्यरात्री संपली होती. आठवण करून देणारे मेसेज गेले होते, पण घरात आजारपण चालू होतं, ते राहून गेलं. "२९ जुलैची तारीख टाका, हप्ता दंडासकट भरतो. मी काय फुकट मागतोय का?"

फुकट मागत नव्हतेच ते. त्यांचा गैरसमज कुठून आला तेही मला माहीत होतं. त्यांनी मुलासाठी एलआयसीची पॉलिसी घेतली होती आणि तिला मागची तारीख लावली होती. आयुर्विम्यात हे खरंच चालतं. त्याच आर्थिक वर्षातली मागची तारीख घेता येते, वय कमी धरलं जातं, हप्ता थोडा कमी बसतो, मधल्या काळाचे पैसे व्याजासकट भरायचे असतात. पण तिथे सही करणारा माणूस जिवंत समोर बसलेला असतो. होऊन गेलेल्या महिन्यांत काही घडलेलं नाही हे दोघांनाही दिसत असतं, म्हणून मागे जाण्याने कंपनीवर काहीच बोजा पडत नाही. गाडीच्या बाबतीत मागची तारीख मागणाऱ्याला नेमका तो गेलेला काळच विकत हवा असतो, कारण नुकसान त्यात झालेलं असतं. विमा पुढच्या अनिश्चिततेचा असतो. जे घडून गेलं त्याचा विमा उतरवायचा म्हटलं, तर सगळेच अपघातानंतर येतील आणि इमानेइतबारे दरवर्षी भरणाऱ्यांच्या हप्त्यातून ते भागवावं लागेल.

कायद्यातही हे सरळ लिहिलंय. विमा कायदा १९३८ चं कलम ६४व्हीबी म्हणतं की हप्ता आधी हातात पडल्याशिवाय जोखीम घ्यायची नाही, आणि पैसे भरल्याच्या तारखेच्या आधीपासून तर नाहीच. याच कलमात एक तरतूद आहे, ती मला फार आवडते. हप्ता मनीऑर्डरने पाठवला असेल किंवा चेक पोस्टाने टाकला असेल, तर जोखीम मनीऑर्डर केल्याच्या किंवा चेक पोस्टात टाकल्याच्या तारखेपासून धरता येते. टपाल चार दिवसांनी पोचलं तरी. म्हणजे तुम्ही तुमचं काम वेळेत केलं असेल तर मधल्या दिरंगाईची शिक्षा तुम्हाला नाही. म्हणूनच ऑनलाइन पैसे कापले गेले आणि पॉलिसीची पीडीएफ आली नाही, तर घाबरू नका, पण बँकेच्या मेसेजचा वेळेसकट स्क्रीनशॉट त्याच क्षणी काढून ठेवा आणि कंपनीला लेखी कळवा. पैसे आधी गेले की नंतर, यावरच सगळं ठरतं.

आणि ते मिनिटांवर ठरतं. १९९० च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं होतं की अपघाताच्या दिवशीच घेतलेली पॉलिसी तो दिवस सुरू झाल्यापासून, म्हणजे आदल्या मध्यरात्रीपासून लागू धरावी. पुढच्या निकालांत हे स्पष्ट झालं की पॉलिसीवर वेळ लिहिलेली असेल तर ती त्याच वेळेपासून लागू होते. त्यातलं एक प्रकरण मी गिऱ्हाइकांना नेहमी सांगते. तारीख १० डिसेंबर १९९१. अपघात दुपारी २ वाजून २० मिनिटांनी. गाडीमालकाने विमा घेतला त्याच दुपारी, २ वाजून ५५ मिनिटांनी. कागदावर वेळ होती. न्यायालयाने कंपनीला मोकळं केलं, भरपाईची जबाबदारी मालकावर राहिली. थर्ड पार्टी दाव्यात, म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्या कुणाचं नुकसान झाल्यावर होणाऱ्या दाव्यात, माणूस दगावला किंवा अपंग झाला तर भरपाईला वरची मर्यादा नसते. पॉलिसी नसेल तर ती रक्कम मालकाला स्वतःच्या खिशातून द्यावी लागते, घर-जमीन विकून का होईना. त्यापुढे विमा नसल्याचा २००० रुपये दंड काहीच नाही.

"अमका एजंट करून देतो म्हणालाय," असंही कोणी सांगतं. कव्हर नोटची (पॉलिसी येईपर्यंत मिळणाऱ्या तात्पुरत्या कागदाची) पुस्तकं हाताने, कार्बन घालून लिहिली जायची तेव्हा असले प्रकार व्हायचे. आता पॉलिसी सिस्टिममधून निघते, पैसे कधी आले त्याची नोंद वेगळी असते. नुकसान तपासणारा सर्व्हेअर ती पाहतो, गॅरेजची एन्ट्री पाहतो, पोलिसांचा पंचनामा पाहतो. दावा तर जातोच, वर फसवणुकीचा गुन्हा गळ्यात पडतो, आणि तो गाडीमालकाच्या. असं करून देणाऱ्याला मदत करणारा माणूस समजू नका, हात जोडून सांगते.

सरांच्या बाबतीत जे करता येण्यासारखं होतं ते केलं. पहिलं, गाडी चालू करून बघू नका म्हणून बजावलं. पाणी शिरलेलं इंजिन फिरवलं की आतला रॉड वाकतो आणि खर्च कितीतरी वाढतो. गाडी टो करून गॅरेजला नेली. दुरुस्तीचं बिल त्यांनीच भरलं. पण पॉलिसी संपल्यापासून ९० दिवसांच्या आत नवीन घेतली तर एनसीबी, म्हणजे क्लेम न घेतल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सवलत, जात नाही, हे त्यांना ठाऊक नव्हतं. बरीच वर्षं क्लेम न घेतल्याने त्यांची सवलत ४५ टक्क्यांवर होती, त्या वर्षीही क्लेम नव्हता. सप्टेंबरमध्ये गाडी तयार झाल्यावर इन्स्पेक्शन झालं. चारही बाजूंचे फोटो, चासी नंबर, किलोमीटरचा आकडा. पॉलिसी ५० टक्के एनसीबीवर निघाली आणि त्या दिवसापासून सुरू झाली.

आता ज्यांनी १ सप्टेंबर २०१८ नंतर नवीन गाडी घेतली त्यांच्यासाठी. तेव्हापासून नव्या कारला थर्ड पार्टी विमा एकदम ३ वर्षांचा घ्यावा लागतो. ओन डॅमेजचा, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग मात्र बहुतेकांचा एकाच वर्षाचा असतो. पॉलिसीवर दोन मुदती छापलेल्या असतात आणि लोक लांबची तारीख वाचून निर्धास्त होतात. पोलिसाने अडवलं तरी कागद चालतो, त्यामुळे वर्षानंतर स्वतःच्या गाडीचं संरक्षण संपलंय हे गाडी ठोकल्यावरच समजतं. जुनी गाडी घेणाऱ्यांचंही तसंच. थर्ड पार्टी भाग गाडीबरोबर येतो, ओन डॅमेज आपोआप येत नाही. १४ दिवसांत कंपनीकडे अर्ज करून पॉलिसी नावावर करून घ्यावी लागते. आरसी नावावर झाली म्हणजे विमाही झाला असं नसतं.

पॉलिसी काढून पहिल्या पानावर ओन डॅमेजची मुदत बघा, तारीख आणि वेळ दोन्ही. मुदत संपली असेल तर गाडी बाहेर काढण्याआधी इन्स्पेक्शन लावा. बऱ्याच कंपन्यांत ते मोबाइलवरून व्हिडिओ काढूनही होतं, दिवसाउजेडी आणि गाडी धुतलेली असताना काढा, म्हणजे परत करावं लागणार नाही.