दोन फरश्या

पुण्यात डेक्कनजवळच्या एका जुन्या बंगल्याचं काम संपवून सात महिने झाले. बिल पूर्ण मिळालं, मालकांनी दिवाळीला आठवणीने मेसेजही केला. तरी माझ्या वर्कशॉपच्या खिडकीत त्या घरातली एक फरशी उभी आहे, आणि तिच्याकडे नजर गेली की त्या कामाचा हिशोब पुन्हा मांडावासा वाटतो.

मी जुन्या फरश्या दुरुस्त करतो. वडील गवंडी होते, त्यांनी आयुष्यभर नव्या बसवल्या. मी बसलेल्या काढतो, धुतो आणि परत बसवतो. सांगायला दोन ओळींचं काम आहे. त्यातला निम्मा वेळ गिऱ्हाइकाला पॉलिशचं मशीन फिरवण्यापासून थांबवण्यात जातो.

बंगला 1930च्या दशकातला. त्या काळच्या घरांत जमिनीवरूनच खोलीचा मान कळतो. बैठकीला नक्षीची फरशी, स्वयंपाकघरात शहाबादी, मागच्या पडवीत आणि मोरीत घोटलेला कोबा. पाहुण्याचा पाय जिथवर जाणार तिथवर पैसा. मालकांनी फोनवर सांगितलं होतं, "आमच्याकडे ओरिजिनल मिंटन आहे." दहातले आठ जण हेच सांगतात. मिंटन म्हणजे इंग्लंडच्या स्टोक-ऑन-ट्रेंटची मातीची, भट्टीत भाजलेली लादी. तशा इंग्लंडहून आणलेल्या लाद्या कुलाब्याच्या अफगाण चर्चमध्ये आहेत. आपल्या मध्यमवर्गीय घरांत असते ती सिमेंटची, आणि तिला भट्टी माहीतच नाही. 1922 साली फिरोजशा आणि रुस्तम सिधवा यांनी मुंबईत भारत टाइल्स सुरू केली ती स्वदेशीच्या हवेत, बाहेरून येणाऱ्या मालाला इथलं उत्तर म्हणून. मला तर सिमेंटच्या फरशीचं कौतुक जास्त वाटतं. पितळेच्या जाळीच्या एकेका कप्प्यात पातळ रंग ओतायचा. रंग म्हणजे पांढरं सिमेंट, संगमरवराची भुकटी आणि रंगद्रव्य. मग हात न थरथरू देता जाळी उचलायची. वर वाळू-सिमेंटचा कोरडा थर द्यायचा, तो रंगातलं पाणी पिऊन घेतो. मग पाठीचा थर, प्रेस, आणि नंतर पाण्यात मुरवणं. नीट पाहिलं तर दोन रंगांची हद्द कुठेतरी केसभर हललेली दिसते. तिथे कारागिराचा हात असतो.

हा रंगाचा थर असतो तीन-चार मिलिमीटर. म्हणून मशीनला माझा विरोध. मोझॅकमध्ये दगडाची चिप खोलवर असते, ती चार वेळा घासून घेते. सिमेंटच्या फरशीवर पॉलिशवाल्याने मशीनला जाड बट्टी, म्हणजे घासायचा खरबरीत दगड, लावून दोन हात मारले की पाकळीची कड गेली, आणखी दोन मारले की पाकळी गेली. मालकांच्या इंटिरिअरवाल्या बाईंनी माझ्याआधी एका पॉलिशवाल्याकडून कोटेशन घेतलं होतं. त्यात "ॲसिड वॉश" असं ठळक लिहिलेलं. सिमेंटवर ॲसिड! संडासातली बाटली आणून बैठकीत ओतायची आणि वर फेस आला म्हणून खूश व्हायचं, कारण फेस म्हणजे मळ निघाला. अहो, तो फेस म्हणजे तुमची फरशीच निघाली. आम्ही बारीक दगड आणि पाणी घेऊन गुडघ्यांवर बसतो, आणि सुकल्यावर जवसाच्या तेलात मेण मिसळून पातळ हात देतो. वरून चकचकीत इपॉक्सी मारलं तर खालची ओल कोंडते आणि पहिल्याच पावसाळ्यात लोणा, म्हणजे क्षारांचा पांढरा थर, फुलतो.

तर बैठक. नक्षी गालिच्याची होती. मधे आठ इंची फुलांची फरशी, भोवती वेलीचा काठ, कोपऱ्याला कोपऱ्याचा वेगळा तुकडा. पण काठ तीनच बाजूंना. चौथ्या बाजूला फुलं सरळ भिंतीखाली शिरलेली. पन्नासएक वर्षांपूर्वी दोन भावांच्या वाटण्या झाल्या आणि गालिच्यावरून भिंत गेली. चौथा काठ चुलतभावाच्या दिवाणखान्यात. एवढ्या वर्षांत दोन्ही घरांनी एकमेकांची जमीन पाहिली नव्हती.

आणखी एक गोष्ट मी मालकांना दाखवली. पुढच्या दारापासून एक फिकट पट्टा निघून तिरका जात होता आणि त्या भिंतीवर जाऊन आदळत होता. "भिंत नव्हती तेव्हा इथून आत स्वयंपाकघरात जायची वाट असणार," मी म्हटलं. त्यांनी घरात विचारून आणलं, खरं निघालं. त्या दिवशी ते माझ्याकडे हात बघणाऱ्या ज्योतिषाकडे बघावं तसे बघत होते. मलाही ते आवडलं, खोटं कशाला बोलू. हाताखालच्या पोरांना मी नेहमी सांगतो की फरशी वाचता आली पाहिजे.

प्लंबरने आणि वायरमनने मिळून 21 फरश्यांची वाट लावली होती. आणखी दोन मी स्वतः बाद केल्या. खोलीच्या मधोमध, एकमेकींना लागून असलेल्या, सांध्याच्या दोन्ही बाजूंनी खोल झिजलेल्या. बाकी खोलीची झीज पसरट, उथळ. हीच तेवढी खड्ड्यासारखी. मशीन एका जागी फिरत राहिलं की असा खड्डा पडतो. मी वहीत नंबर टाकून लिहिलं, "जुन्या पॉलिशची इजा. बदलणे." नव्या फरश्या करून घ्यायला कारखान्याला थराची जाडी आणि रंग दाखवावा लागतो. त्यासाठी चांगली फरशी कोण कापेल? या दोघींतली एक कापली. झिजलेल्या भागात रंग जेमतेम एक मिलिमीटर उरला होता.

नमुना पाठवला आणि चौथ्या दिवशी भिंतीपलीकडून ब्रेकरचा आवाज यायला लागला. चुलतभाऊ व्हिट्रिफाइड बसवत होते. मी तसाच चप्पल घालून पलीकडे पळालो. ते शांतपणे म्हणाले, "न्या की, डेब्रिजच्या टेम्पोचे पैसे वाचतील." तिथल्या कॉन्ट्रॅक्टरने दीड दिवस दिला. पुढचा दीड दिवस माझ्या कामातला सगळ्यात सुखाचा, कारण खाली चुना होता. सिमेंटवर बसवलेली फरशी फुटूनच निघते. घाणीच्या, म्हणजे घाणीत दळलेल्या चुन्यातली फरशी, कडेला पातळ पटाशी घालून धीर धरला की आधी एक भरीव आवाज करते, मग पोकळ, आणि मग अख्खी हातात येते. पाठीला चुना पावासारखा चिकटलेला असतो, तो नखानेही निघतो. 64 साबूत निघाल्या. चौथा काठही निघाला, पण तो लावायला जागा नव्हती, तिथे भिंत आहे. तो पोत्यात भरून मालकांच्या माळ्यावर ठेवला.

कारखान्याची ऑर्डर रद्द केली. त्याच साच्यातून आलेल्या, त्याच वयाच्या फरश्या बसल्यावर कुठे जोड दिला ते मलाही शोधावं लागत होतं. एक गालिचा पुरा करायला दुसरा मोडला, हे तेव्हा जाणवलं होतं. पण तो मोडतच होता, मी नसतो तर टेम्पोत गेला असता. याचं मला फारसं काही वाटत नाही.

काम सोपवायच्या दिवशी मालकांच्या आत्या आल्या. पंच्याऐंशीच्या पुढच्या, नजर अधू, भाचीच्या दंडाला धरून. दारात चपला काढल्या आणि थेट खोलीच्या मध्याकडे निघाल्या. मला वाटलं फरशी बघतायत. त्या बघत नव्हत्या, उजव्या पायाने चाचपत होत्या. थोडं पुढे, थोडं मागे.

"खळगा कुठे गेला?"

कुणाला काही कळलं नाही. मग माझ्याकडे तोंड करून म्हणाल्या, "तुम्ही फरशीवाले ना? इथे झोपाळा होता. अण्णा बसायचे. अंगठ्याने रेटा द्यायचे, पोथी हातात असायची. नंतर आम्ही सगळी. इथे पाय बरोबर बसायचा."

मी वर पाहिलं. वर पांढरंशुभ्र फॉल्स सीलिंग. त्याच्या मागे तुळईला कड्या असतील, निदान कापलेल्या कड्यांची बुडं तरी असतील. एवढ्या दिवसांत मी एकदाही मान वर केली नव्हती. आणि मशीनचा खड्डा गोल असतो, हा लांबट होता, एका कडेला खोल आणि पलीकडे उथळ होत गेलेला. हे मला दिसलं होतं. मी ते वहीत लिहिलंसुद्धा होतं, फक्त कारण आधीच ठरवून टाकलं होतं.

मी म्हटलं, "आजी, एक फरशी आहे माझ्याकडे. परत बसवतो."

मालक पटकन म्हणाले, "राहू द्या हो, आता छान एकसारखं दिसतंय." आत्यांनीही हात हलवला. "नको. आता कशाला फोडता परत." मग त्यांनी भाचीला विचारलं, सोफा कुठल्या बाजूला आहे.

मध्यंतरी एका संध्याकाळी पोरं गेल्यावर मी ती फरशी खिडकीतून काढून जमिनीवर ठेवली आणि उजवा पाय तिच्यावर ठेवून पाहिला. पाय अर्धाच बसतो. उरलेला अर्धा खळगा ज्या फरशीवर होता, ती मी कापली.