पोच

नोव्हेंबर 2023, दिवाळीनंतरचा पहिला सोमवार. कोर्टात जायला निघाले तर जिन्यात एक जोडपं उभं. त्याच्या उजव्या गालावर कानापर्यंत गेलेला टाक्यांचा व्रण. तो बोलायला लागला आणि मला अर्धंच कळेना. उरलेलं बायको सांगत होती.

वाळूजच्या एका कारखान्यात अकरा वर्षं प्रेस मशीनवर, परमनंट. गालाचा कॅन्सर निघाला. ऑपरेशन, मग रेडिएशनचा शेक. सगळे महिने ईएसआयवर, म्हणजे कामगारांच्या सरकारी विम्यावर निघाले: आधी 91 दिवस पगाराच्या सत्तर टक्के आणि कॅन्सर लांबच्या आजारांच्या यादीत असल्यामुळे पुढे ऐंशी टक्के. हा भत्ता चालू असताना मालकाला कामगाराला काढता येत नाही, असं तेव्हाच्या ईएसआय कायद्याचं कलम 73 सांगायचं. मालकांनाही ते पक्कं ठाऊक असायचं. म्हणून ते थांबायचे, माणूस बरा होईपर्यंत.

हा बरा होऊन गेला तर साहेबानं मशीन दिलंच नाही, गेटजवळच्या बाकड्यावर बसवलं. कॅन्टीनमध्येही वेगळं टेबल, कारण घास चावताना ओठाच्या कडेनं पाणी गळतं आणि 'बाकीच्यांना कसंतरी होतं'. मग, 'राजीनामा दे, हिशेब करून टाकू.' यानं सही केली नाही. हे त्यानं फार शहाणपणाचं केलं. एकदा सही झाली की राजीनामा खुशीनं दिलेला नाही हे नंतर सिद्ध करताना वकिलाचा जीव जातो. शेवटी 26 ऑगस्टला गेट बंद. कागद एकही नाही.

"रोज जायलो मॅडम, वॉचमन आत सोडीना."

आमचे सीनियर अशा वेळी त्याच संध्याकाळी मालकाला तार ठोकायचे, 'मी कामावर हजर आहे, आत घेतलं जात नाही.' तार 2013 मध्ये बंद झाली. तेच रजिस्टर पोस्टानं पाठवता आलं असतं, पण यानं काहीच पाठवलं नव्हतं.

मी कॅलेंडर उलटं मोजलं. शहाऐंशीवा दिवस. राज्याच्या 1971 च्या अनुचित कामगार प्रथांच्या कायद्याखालची तक्रार नव्वद दिवसांत टाकावी लागायची. उशीर माफ करून घेता यायचा, पण त्यासाठी कारणं देत बसावं लागायचं. तेव्हाच्या औद्योगिक विवाद कायद्याचा दुसरा रस्ता होता, त्याला तीन वर्षांची मुदत होती. पण तिथं आधी लेबर ऑफिसात समेटाचे 45 दिवस घालवावे लागायचे.

कंपनी काय म्हणणार तेही दिसत होतं: माणूस आजारीच आहे. सततच्या आजारपणामुळे काढलं तर ती तेव्हाच्या कायद्यानं कामगार कपात ठरत नव्हती, म्हणजे कपातीची भरपाईही नाही.

"फिटनेसचं सर्टिफिकेट दिलं होतं का ऑफिसात?"

"दिलं की."

"पोच?"

तो गप्प. बायकोनं साडीच्या दुकानाच्या पिशवीतून एक्स-रे काढले, त्यांच्या मागून एक झेरॉक्स. खाली निळा 'आवक' शिक्का, अर्धा कागदाबाहेर गेलेला, पण 3 जुलै तारीख स्पष्ट. "मीच गेले होते संगं. वॉचमन म्हणला, शिक्का कशाला? म्हणलं, आमच्या बचत गटात शंभर रुपयाला पण सही लागती."

माझी त्या दिवशीची दोन प्रकरणं मी ज्युनियरला दिली आणि टायपिस्टला बसवलं. शपथपत्र होईस्तोवर रात्रीचे नऊ. निघताना तिनं फी मोजून दिली आणि पावती मागितली. पावतीपुस्तक नव्हतं, लेटरपॅडवर लिहून दिली.

मंगळवारी तक्रार कामगार न्यायालयात दाखल. पुढच्या तारखेला कंपनीचे वकील म्हणाले, "आम्ही काढलंच नाही, तोच येत नाही." हे उत्तर मी इतक्या वेळा ऐकलंय की पुढचं वाक्य तोंडातच असतं. मी उठून म्हणाले, "मग उद्या सकाळी येतो, आत घ्या." कोर्टानं दोन्ही वाक्यं लिहून घेतली.

दुसऱ्या दिवशी सातच्या पाळीला तो आत गेला. साडेसातला बायकोचा फोन, "मशीनवर हायेत, बाकड्यावर न्हाई." मधल्या दिवसांच्या पगाराचं भांडण अजून चालू आहे.