व्हिएतनामी आजीची भिशी

भिशी ही फक्त आपल्याकडच्या बायकांची मक्तेदारी आहे असं वाटत असेल, तर सॅन होजेतल्या व्हिएतनामी आज्यांचा कारभार बघावा. कॅलिफोर्नियातल्या या शहरात लाखाहून अधिक व्हिएतनामी राहतात. व्हिएतनामबाहेर एका शहरात इतके दुसरीकडे कुठे नाहीत. तिथल्या स्टोरी रोडवर फो, म्हणजे त्यांचं नूडल्सचं सूप, खायला गेलं की गल्ल्यावर नातू असतो, आत भटारखान्यात मुलगा, आणि कोपऱ्यातल्या टेबलावर कोथिंबीर-पुदिना निवडत बसलेली म्हातारी. दुकानाची कागदपत्रं कुणाच्याही नावावर असोत, पैशाचा शब्द तिचा. व्हिएतनामीत घरच्या बाईला ‘नोई तुओंग’ म्हणतात, म्हणजे घरातली सेनापती. तिजोरी आणि किल्ली तिच्या हातात, अशीही एक म्हण त्यांच्यात आहे.

पण या पिढीतल्या बायकांवर सगळा भार पडला तो म्हणींमुळे नव्हे. ३० एप्रिल १९७५ला दक्षिण व्हिएतनामची राजधानी सायगॉन उत्तरेच्या कम्युनिस्टांच्या हाती पडली. दक्षिणेच्या सैन्यातल्या कनिष्ठ अधिकाऱ्यांना १० दिवसांचं आणि वरिष्ठांना महिनाभराचं सामान घेऊन ‘पुनर्शिक्षणा’साठी, म्हणजे प्रत्यक्षात कैदेच्या छावण्यांत, हजर व्हायला नव्या सत्तेनं सांगितलं. कित्येकांना परतायला वर्षं लागली. मागे राहिलेल्या बायकोनं बाजारात बसून मिळेल ते विकलं, छावणीतल्या नवऱ्याला डबे पोचवले आणि कोणत्या मुलाला आधी देशाबाहेर पळणाऱ्या बोटीत बसवायचं हेही तिनंच ठरवलं. तीन वर्षं किंवा जास्त कैद भोगलेल्यांना कुटुंबासह अमेरिकेत आणायची योजना १९८९मध्ये ठरली, तोवर घरचा कर्ता पुरुष ही जागा बऱ्याच घरांत रिकामीच होती.

बोटीचं भाडं सोन्यात चालायचं. माप ‘लुओंग’, साडेसदतीस ग्रॅमचं, म्हणजे आपल्या आजच्या हिशेबानं पावणेचार तोळे. सायगॉनच्या किम थान्ह पेढीचं सोनं कागदासारख्या पातळ पत्र्यांत मिळे: एका लुओंगमध्ये १५ ग्रॅमचे दोन पत्रे आणि साडेसात ग्रॅमचा एक. वळवून कमरपट्टीत किंवा कपड्याच्या काठात शिवता येई, म्हणून दागिन्यापेक्षा हेच सोयीचं. अमेरिकेत आल्यावरही या बायकांचा बँकेवर विश्वास बसायला वेळ लागला, यात नवल नाही. आणि बँकेचा तरी त्यांच्यावर कुठे होता! कर्ज फेडल्याचा इतिहास नाही, इंग्रजी नाही, पगार सर्किट बोर्डांवर डाख लावण्याच्या कामाचा. मग जुनी टोयोटा घ्यायची, दुकानाची अनामत भरायची, तर पैसा ‘हुई’तून यायचा.

हुई म्हणजे बोलीची भिशी. चालवणारीला ‘चू हुई’ म्हणतात. धरून चाला, ती एक आणि सभासद १०, हप्ता महिना २०० डॉलर. पहिल्या महिन्यात सगळे पूर्ण २०० भरतात आणि ते २,००० चू हुई उचलते. पुढे १० महिने तिनेही दरमहा २०० भरायचे. म्हणजे वसुलीच्या कटकटीचा मोबदला म्हणून तिला बिनव्याजी रक्कम मिळाली. (काही ठिकाणी ती पहिला हप्ता उचलत नाही, दर उचलीमागे दलाली घेते.)

दुसऱ्या महिन्यापासून बोली. ज्याला गरज आहे तो चिठ्ठीवर आकडा लिहितो: मी इतके सोडायला तयार आहे. समजा सर्वांत मोठा आकडा ३० निघाला. मग ज्यांनी अजून उचललेली नाही ते उरलेले नऊ जण १७० प्रमाणे १,५३० देतात, चू हुईचे २००, आणि बोली जिंकणाऱ्याच्या हातात १,७३० पडतात. तो यापुढे ‘मेला’. शब्दच तसे आहेत: न उचललेली हुई ‘सोंग’, म्हणजे जिवंत, उचललेली ‘चेत’, म्हणजे मेलेली. मेलेल्यानं शेवटपर्यंत पूर्ण २०० भरायचे, सूट फक्त जिवंतांना. दुसऱ्या महिन्यात उचलणारा एकूण २,००० भरतो, म्हणजे त्याला २७० डॉलर व्याज पडलं. शेवटी उचलणाऱ्याला बोली लागत नाही, पूर्ण २,००० मिळतात. मधल्या नऊ महिन्यांत सरासरी २०ची बोली गेली असेल तर त्याचे भरलेले होतात १,८२०. त्याच्यासाठी ही बचत, आधीच्यासाठी कर्ज, आणि दोघे एकाच जेवणाच्या टेबलावर.

आता फुटते कुठे? लवकर उचलून हप्ते बंद करणारा हा सरळ चोर. त्याचे हप्ते चू हुईनं स्वतःच्या खिशातून भरायचे असतात, त्यामुळे मुरलेली बाई नवख्याला सुरुवातीला उचलूच देत नाही. त्याहून घातक म्हणजे चू हुईनंच वहीत भुताची नावं घालायची, त्या नावांनी बोली जिंकायची आणि एका हुईच्या पैशातून दुसरीचे हप्ते भागवायचे. एक कडी तुटली की पाच भिशा एका आठवड्यात बसतात. आधी खूण दिसते ती बोलीत: २००च्या हप्त्यावर २०-२५ची सवय असताना कुणी ६०-७० लिहिलं, तर तो माणूस अडचणीत आहे किंवा मुळात नाहीच. जाणती आजी अशा वेळी फळं घेऊन त्याच्या घरी जाऊन येते. पावती नसते, सह्या क्वचित असतात, म्हणून कोर्टात सिद्ध करणं जड जातं. खुद्द व्हिएतनाममध्ये सरकारनं २००६मध्ये आणि पुन्हा २०१९मध्ये हुईसाठी नियम काढले. आपल्याकडे चिट फंड कायदा १९८२चा.

अमेरिकेतल्या व्हिएतनामींच्या नेल सलूनची, म्हणजे नखं सजवायच्या दुकानांची, गोष्ट सांगताना सगळे हॉलिवूडची नटी टिपी हेड्रन हिचं नाव घेतात. १९७५मध्ये कॅलिफोर्नियातल्या सॅक्रामेंटोजवळच्या निर्वासित छावणीत तिनं २० बायकांना नखांचं काम शिकवायची सोय केली, हे खरंच. पण हुनर शिकून खुर्च्या आणि भाडं येत नाही. ते भांडवल पुष्कळदा हुईच्या वह्यांतून आलं, त्याची गोष्ट कुणी सांगत नाही.

हप्त्यांइतकाच चोख हिशेब आजीला आणखी एका गोष्टीचा ठेवावा लागतो: घरातल्या मेलेल्या माणसांच्या तिथ्या. वार्षिक श्राद्धाला ते ‘यो’ म्हणतात. ते चांद्र तिथीनं होतं, आणि त्यांचाही महिना आपल्यासारखा अमावास्येपासून मोजतात, अधिक महिनाही असतो. अधिकात गेलेल्याचा यो पुढच्या वर्षी नेहमीच्या महिन्यात करतात. देव्हाऱ्यावर फोटो, तीन उदबत्त्या, गेलेल्याच्या आवडीचं जेवण. उदबत्ती जळून गेली की पानं घरच्यांची. नवी कॅलेंडरं टेटच्या, म्हणजे त्यांच्या नववर्षाच्या, आधी किराणा दुकानांत फुकट मिळतात. रोज एक पान फाडायचं, इंग्रजी तारीख मोठी, चांद्र तिथी खाली, अगदी आपल्या कालनिर्णयसारखी सोय. ते घरी आलं की आजी पेन घेऊन वर्षभराचे यो त्यावर खुणावून ठेवते.

समुद्रात बेपत्ता झालेल्यांची तिथी कुणालाच माहीत नसते. अशा वेळी पुष्कळ घरांत बोट किनाऱ्यावरून सुटली तो दिवस धरतात. बोटीत दोन मुलं असतील तर दोघांचा यो एकाच दिवशी, वाट्या दोन.