मृगापासून गणपतीपर्यंत

आमच्या माजघरातील लाकडी कपाटाचा सर्वांत खालचा खण गेल्या काही वर्षांत माझ्या नावावर झाला आहे. वरच्या खणांत आजीच्या काळची तांब्यापितळेची भांडी आहेत. खालच्यात चार्जर, वायरींची भेंडोळी, दोन पॉवर बँका, एक सौर दिवा आणि ज्याचा उपयोग आता मलाही आठवत नाही असे बोटाएवढे एक यंत्र. नवे उपकरण किंवा नवे सॉफ्टवेअर शोधण्याचा मला छंद आहे, आणि घरातील माणसे त्याला छंदाहून कमी सौम्य शब्द वापरतात. रात्री जेवणे आटोपली की मी फोन घेऊन ओटीवर बसतो आणि जगात कोणी काय नवे बनवले आहे ते पाहतो. मात्र ही सगळी यंत्रे बनवणाऱ्यांनी दापोली तालुक्याच्या किनाऱ्यावरचा पावसाळा पाहिलेला नसतो. त्यामुळे मी माझी एक कसोटी ठरवून घेतली आहे : जी वस्तू मृग नक्षत्रापासून गणपतीपर्यंत टिकेल आणि त्या काळात किमान चार वेळा स्वतःहून हातात घेतली जाईल, तीच उपयोगी; बाकी सारा खालचा खण.

या कसोटीला पहिल्यांदा नापास झाला तो मातीतील ओलावा मोजणारा सेन्सर. तो मोठ्या हौसेने पोफळीच्या बुंध्याशी खोचला. जून ते सप्टेंबर त्याने ‘ओली’ एवढेच सांगितले, जे छत्री घेऊन अंगणात उभ्या राहिलेल्या कोणालाही सांगता आले असते. आणि पुढे शिंपणे केव्हा सुरू करावे हे खरोखर विचारायची वेळ आली, तेव्हा त्याचे दोन्ही पाय झडून गेले होते. उघड्या धातूतून ओल्या मातीत सतत वीज वाहू लागली की धातू झिजत जातो, हे मी नंतर वाचले. अशा सेन्सरचा दुसरा प्रकार धातू झाकून ठेवतो आणि म्हणून अधिक टिकतो. तोही मागवायचा माझा विचार आहे, पण सध्या त्याची घरात वाच्यता केलेली नाही.

खारी हवा हा तर स्वतंत्र विषय आहे. कल्हई गेलेल्या भांड्यावर जसा हिरवा कळंक चढतो, तसाच तो चार्जरच्या टोकांवर आणि छिद्रांत चढतो, आणि एके दिवशी फोन चार्ज होत नाही म्हणून आपण बॅटरीला दोष देत बसतो. यावर मला सापडलेला सर्वांत चांगला उपाय म्हणजे घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा आणि त्यात सिलिका जेलचे खडे. रंग बदलणारे खडे घेतले तर डबा उघडताक्षणी कळते : कोरडे असताना नारिंगी, ओलावा पिऊन तृप्त झाले की हिरवट. ते मंद आचेवर भाजले की पुन्हा नारिंगी होतात. मी पहिल्यांदा ते स्वयंपाकघरातील लोखंडी कढईत भाजले. ती कढई त्या दिवसापासून माझीच झाली.

विजेचा प्रश्न दोन तऱ्हांचा आहे, जाणारी वीज आणि पडणारी वीज. आमच्याकडे कडकडाट भर आषाढात फारसा नसतो. तो पावसाच्या तोंडाशी आणि पुन्हा हस्ताच्या सरींत असतो. तांब्याच्या तारेचा टेलिफोन होता, तेव्हा एका संध्याकाळी त्या तारेवाटे आलेल्या धक्क्याने मोडेम आणि संगणक दोघांनाही एकदम नेले. आता घरात येते ती काचेची ऑप्टिकल फायबर, आणि काच वीज वाहून नेत नाही, एवढ्या एका गोष्टीसाठी मी तिच्या इतर सर्व खोड्या माफ करतो. विजेच्या मुख्य जोडणीतून येणारा धोका अर्थात राहतोच. कातळावर बांधलेल्या घराला चांगले अर्थिंग मिळणे कठीण. खड्ड्यात कोळसा आणि मीठ घालून आमच्या वायरमनने ते कसेबसे साधले आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे ‘दामिनी’ हे अ‍ॅप आसपास विजा पडू लागल्या की सूचना देते. ते वाजले की आई उठून सगळे प्लग काढते. अ‍ॅप माझ्या फोनवर आहे, पण ते खऱ्या अर्थाने वापरते आई.

जाणाऱ्या विजेसाठी राउटरला लावायचा वहीएवढा छोटा यूपीएस घेतला. राउटरला 12 व्होल्टचा थोडासा प्रवाह पुरतो, त्यामुळे तो दोन-तीन तास सहज निभावतो. 3 जून 2020 ला ‘निसर्ग’ वादळ आले, तेव्हा मात्र वीज तासांनी नव्हे, आठवड्यांनी मोजावी लागली. टॉवर गप्प झाले, पॉवर बँका संपल्या, आणि ज्या सौर दिव्याची मी खरेदी झाल्यापासून थट्टा ऐकत होतो, तो रोज संध्याकाळी देवघरापासून गोठ्यापर्यंत फिरू लागला. त्याबद्दल मी कोणाला काही ऐकवले नाही. ऐकवण्यासारखे पुष्कळ होते.

सॉफ्टवेअर निवडताना माझी पहिली अट त्याच दिवसांनी घालून दिली : नेटवर्क नसताना चालले पाहिजे. म्हणून नकाशासाठी मी ओपनस्ट्रीटमॅप या सर्वांना खुल्या असलेल्या नकाशाची माहिती फोनवर उतरवून ठेवणारे अ‍ॅप वापरतो, आणि पॅरिसमधील विद्यार्थ्यांनी 1996 मध्ये ज्याची सुरुवात केली तो व्हीएलसी प्लेअर प्रत्येक संगणकावर आधी घालतो. तो कुठलीही फाइल निमूटपणे वाजवतो आणि कधीही काही विकायला येत नाही.

सर्वांत जास्त शोधाशोध करायला लावली ती वडिलांच्या आरत्यांनी. त्यांनी निवृत्तीनंतर गावातील जुन्या आरत्या आणि नमने संगणकावर टंकित केली होती, पण युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षरांना स्वतंत्र क्रमांक देणारी पद्धत, रुळण्यापूर्वीच्या एका फाँटमध्ये. त्या पद्धतीत संगणक मनात इंग्रजी अक्षरेच साठवतो आणि त्यांना केवळ देवनागरी मुखवटा चढवतो. फाँट हरवला की मुखवटा गळतो आणि ‘सुखकर्ता’च्या जागी स्वल्पविराम व कंस यांची मिरवणूक दिसते. रूपांतर करणारी पाच-सहा साधने मी तपासली. बहुतेकांनी मजकूर परत आणला, पण मराठीचा खास अर्धा र त्यांना ओळखता येईना. युनिकोडमध्ये त्यासाठी नुक्त्याच्या ऱ ला हलन्त जोडावा लागतो. साधा र घेतला की रफार होऊन ‘दुसऱ्या’चा ‘दुसर्या’ होतो. हिंदीपुरता विचार करून बनवलेल्या साधनाला यात काही चुकले असे वाटतच नाही. शेवटी एका छोट्या, फुकट साधनात शब्दबदलाचे नियम स्वतः लिहिता येतात असे आढळले, आणि श्रावणातले दोन आठवडे त्यात गेले. गणपतीत आरत्या छापील कागदावर होत्या. वडिलांनी त्यांतील तीन चुका दाखवल्या, पैकी दोन त्यांच्या स्वतःच्या होत्या.

यंदा आळीतले काका भरती-सुकतीचे अ‍ॅप मागू लागले. तिसऱ्या, म्हणजे शिंपले, काढायला जाण्यासाठी त्यांना सुकतीची, म्हणजे ओहोटीची, वेळ लागते. वास्तविक त्यांच्याकडे हिशेब आहेच : तिथीला तीनाने गुणून चाराने भागावे, येईल ती पूर्ण भरतीची वेळ. अष्टमीला सहा, आणि सहा तासांच्या आगेमागे सुकती. भरती रोज सुमारे पाऊण तासाने पुढे सरकते, तेच या गुणाकारात आहे. मी तीन अ‍ॅप पाहिली. त्यांना नेटवर्क हवे होते आणि जाहिराती दाखवायच्या होत्या. मग काकांचाच नियम एका स्प्रेडशीटमध्ये घातला. तिथी सरासरी चांद्रमासावरून काढायला गेलो तर क्षय आणि वृद्धी तिथींनी घोटाळा केला, म्हणून पंचांग समोर ठेवून वर्षभराच्या तिथी हाताने भरल्या आणि ती फाइल काकांच्या फोनवर टाकली.

आता ते रोज सकाळी कुंपणावरून विचारतात, “काय रे, तुझं यंत्र आज भरती किती वाजता म्हणतंय?” मी वेळ सांगतो. ते बोटांच्या पेरांवर क्षणभर मोजतात आणि म्हणतात, “बरोबर आहे त्याचं.” मग पाटी घेऊन ते पुळणीच्या वाटेला लागतात. फोन घरीच असतो, कोरडा राहावा म्हणून, मी दिलेल्या डब्यात.