बटवड्याच्या वाटेवरची गाणी

जॉन प्राइन हा अमेरिकन गायक-गीतकार मला आधी आवडला तो त्याच्या गाण्यामुळे नव्हे, तर सँडविचमुळे. तरुणपणी शिकागोच्या उपनगरांत तो टपालाचा बटवडा करत असे. फेरीतले पुढचे टपाल ठेवण्यासाठी तिथे रस्त्याकडेला हिरवट रंगाच्या मोठ्या पेट्या असत आणि थंड वारा झोंबू लागला की प्राइन चक्क त्या पेटीत शिरून आपले सँडविच खात असे. एरवी वाट ठरलेली, दारे ठरलेली, काम सगळे पायांचे. त्यामुळे रिकाम्या डोक्यात गाणी जुळत जात.

लहानपणी तो एका वृद्धाश्रमात खोलीखोलीत वर्तमानपत्रे टाकत असे, तेव्हा तिथले काही म्हातारे हा आपला नातूच भेटायला आला आहे असे मानून बोलू लागत. पुढे एकाकी वार्धक्यावरचे त्याचे गाणे आले, ते त्याची पंचविशीही उलटली नव्हती तेव्हा! १९७० साली रॉजर ईबर्ट हे चित्रपट समीक्षक फार खारट पॉपकॉर्नला वैतागून चित्रपटगृहातून उठले, बिअर प्यायला गेले आणि तिथे या ‘गाणाऱ्या पोस्टमन’ला ऐकून त्यांनी वर्तमानपत्रात लेखच लिहिला. पहिला अल्बम १९७१ चा. मिठाचे उपकार असे फेडले जातात.

गिटार त्याला चौदाव्या वर्षी थोरल्या भावाने शिकवली. हँक विल्यम्स या ग्रामीण ढंगाच्या ‘कंट्री’ गायकाची गाणी मात्र वडिलांकडून आली. आई-वडील मूळचे दक्षिणेकडच्या केंटकी राज्याच्या पश्चिम भागातले, त्यामुळे घर शिकागोच्या इलिनॉय राज्यात असले तरी सूर दक्षिणेकडचा राहिला. त्यांच्या गावाकडचे पॅराडाइज नावाचे खेडे खाणी आणि वीजकेंद्राच्या पायी नकाशावरून पुसले गेले. त्यावरचे गाणे प्राइनने वडिलांसाठी लिहिले.

१९९८ मध्ये मानेच्या कर्करोगावरच्या उपचारांनंतर त्याचा आवाज खाली उतरला, खरखरीत झाला. मला तो त्याला अधिक शोभणारा वाटतो, कारण त्याच्या गाण्यांतली माणसे आधीपासूनच थकलेली होती. २०२० च्या एप्रिलमध्ये कोविडने तो गेला.

पहिल्या अल्बमची टेप त्याने घरी आणून वाजवली, तेव्हा पॅराडाइजचे गाणे लागताच वडील उठून शेजारच्या अंधाऱ्या खोलीत जाऊन बसले. असे का, म्हणून विचारल्यावर ते म्हणाले, की गाणे ज्यूकबॉक्सवर, म्हणजे नाणे टाकून गाणी वाजवायच्या यंत्रावर, लागले आहे असे त्यांना वाटून घ्यायचे होते.