वरच्या मजल्यावरून आलेलं पाणी

जुन्या नाशकात वाढलेल्या माणसाला एवढंच शिकवलेलं असतं की पाणी खालून येतं. गंगापूर धरणातून किती क्युसेक सोडलं ते ऐकायचं, मग घाटावर दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या गुडघ्याला लागलं की कमरेला की छातीपर्यंत आलं ते कुणीतरी बघून यायचं, आणि त्या हिशोबाने माल वर चढवायचा. आमचा वाडा सराफ बाजाराच्या मागच्या बोळात. २ ऑगस्ट २०१६ला सराफ बाजारात पाणी घुसलं तेव्हा आमच्या ओसरीतला दिवाण, आजीची शिवणाची मशीन, गव्हाची कोठी, सगळं गेलं. २००८ला पण तेच, २०१९ला पण तेच. पुस्तकांना मात्र कधी थेंब लागला नाही, कारण ती माडीवर होती, आणि ती माडीवर का तर खाली माणसांनाच जागा नव्हती म्हणून. नंतर वाड्याचं वाटप झालं आणि आम्ही इंदिरानगरला दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेतला. बाबा म्हणाले, इथपर्यंत गोदावरी आली तर मग नाशिकच राहिलं नाही म्हणायचं.

गोदावरी नाहीच आली. आमच्या डोक्यावरचा फ्लॅट बंद होता, ते लोक गावाला गेलेले, आणि त्यांच्या वॉटर प्युरिफायरची ती पांढरी पाइप असते ना, करंगळीहून बारीक, ती कनेक्टरमधून निसटली. बस एवढंच. पण टाकी खाली झाली की सोसायटीचा पंप आपोआप चालू होतो, त्यामुळे ती धार थांबायला काही कारणच नव्हतं. आम्ही पण नेमके कोल्हापूरला, मावसबहिणीच्या साखरपुड्याला. स्लॅबमध्ये मुरलेलं पाणी सरळ खाली येत नाही हे मला आता कळलंय, ते सोपी वाट शोधतं, आणि स्लॅबमधली सगळ्यात सोपी वाट म्हणजे वायरिंगसाठी टाकलेली पाइप. बरोब्बर डोक्यावरच्या पंख्याच्या पॉइंटातून थेंब नाही आणि लांबच्या भिंतीत ट्यूबलाइटच्या पॉइंटातून धार! त्याच भिंतीला पुस्तकांचं कपाट. जमिनीपासून छतापर्यंत, सुताराकडून मापात करून घेतलेलं, धूळ बसू नये म्हणून सरकत्या काचांचं.

काचा आतून वाफेने पांढऱ्या झालेल्या. आत काय आहे ते दिसेना आणि काच सरकेना, कारण प्लायवूड फुगलेलं. शेवटी बाबांनी पट्टीच उचकटून काढली. तर पुस्तकं निघेनात. मी एका जाड पुस्तकाचा कणा धरून ओढला आणि नुसता कणा हातात आला. बाबा ओरडले, ओढू नकोस, थांब, आधी बाजूची सैल कर.

बाबा प्रेसमधून रिटायर झालेत. नाशिकरोडला प्रेस म्हटलं की वेगळं सांगावं लागत नाही, नोटा आणि स्टॅम्प छापतात ती. आयुष्य कागदात गेलं त्यांचं. त्यांनी तिथेच, त्या ओल्या फरशीवर उभं राहून मला सांगितलं की कागदाचा तंतू पाण्याने लांब होत नाही, जाड होतो, म्हणून पुस्तक उंचीला तेवढंच राहतं आणि जाडीला फुगतं, आणि आपण खण गच्च भरलाय म्हणून ती एकमेकांना दाबत बसलीत. खरंच मधल्या खणात सगळी रांग कमानीसारखी पुढे आलेली होती. मी म्हटलं, बाबा, नोट खिशात राहून वॉशिंग मशीनमधून निघते तरी दुकानदार घेतो, मग याला काय झालं? म्हणाले, नोटेचा कागद कापसाचा असतो गं, हा लाकडाच्या नाहीतर उसाच्या चोथ्याचा लगदा. याच्यात जीवच किती.

मग सुरू झालं काय वाचवायचं ते. नेटवर लोक काहीही सांगतात म्हणून मला जे खरंच उपयोगी पडलं तेवढं लिहिते. ओलं पुस्तक उघडायचं नाही, पानं सुटी करायचा मोह होतो पण ओला कागद बोटालाच चिकटून येतो. उन्हात टाकायचं नाही, पानं कुरळी होऊन वर रंग उडतो (ऑगस्टमध्ये नाशकात ऊन असतं कुठे तो भाग निराळा). इस्त्री नाही, हेअर ड्रायर नाही. पुस्तक उभं करून पंखा लावायचा, पण झोत थेट पुस्तकावर नको, खोलीतली हवा फिरली पाहिजे. मध्ये मध्ये टीपकागद किंवा कोरा न्यूजप्रिंट घालून सारखा बदलायचा. छापील पेपर घालू नका, त्याची शाई उतरते. बाबांच्या ओळखीच्या एका छापखान्यातून रोलची उरलेली टोकं मिळाली, कोरी, ती देवासारखी उपयोगी पडली. आणि हे सगळं दोन-तीन दिवसांच्या आत, कारण ओल्या कागदावर तेवढ्यात बुरशी धरते. आमच्याकडे काही खणांत आम्ही येण्याआधीच धरली होती, हिरवट-काळी, तिला नुसत्या हाताने हात लावू नका, मास्क लावा, मला नंतर खोकल्याने हैराण केलं.

जी लगेच वाळवणं होणार नाही ती गोठवायची, हा जगभर मान्य उपाय आहे. उणे अठरा किंवा त्याखाली. गोठलं की बुरशी वाढायची थांबते आणि तुम्हाला श्वास घ्यायला वेळ मिळतो. आता नाशिक म्हणजे कोल्ड स्टोरेजचं माहेरघर, माझा मामेभाऊ पिंपळगावला द्राक्षाच्या धंद्यात, ऑगस्टमध्ये त्याचं कोल्ड स्टोरेज रिकामंच असतं, मी आनंदाने फोन केला. तो म्हणाला, "अगं ताई, आम्ही द्राक्षं गोठवत नाही, गार ठेवतो. शून्याच्या खाली गेलं तर माझा माल फुटेल ना." झालं. मग त्याच्याच ओळखीच्या एका आइस्क्रीमवाल्याने पावसाळ्यात बंद असलेला एक डीप फ्रीजर दिला. प्रत्येक पुस्तक बटर पेपरमध्ये गुंडाळून आम्ही त्यात रचलं. तिथे रचताना मला फ्लॉरेन्सची आठवण येत होती, ४ नोव्हेंबर १९६६ला आर्नो नदी तिथल्या राष्ट्रीय ग्रंथालयात शिरली आणि कुठून कुठून आलेली कॉलेजची पोरं रांगा लावून चिखलातली पुस्तकं हातोहात वर देत होती, त्यांना लोक चिखलातले देवदूत म्हणायला लागले. आमच्याकडे रांगेत मी, बाबा, वॉचमन काका आणि सी विंगमधली क्रिकेट खेळणारी चार कार्टी. पण त्यांनी एकही पुस्तक पाडलं नाही.

काय वाचलं आणि काय गेलं याला काही न्यायच नाही. आर्ट पेपरवाली सगळी गेली. किल्ल्यांच्या फोटोंची, पक्ष्यांची, भाचरांसाठी घेतलेले ते मोठे विश्वकोश. त्या चकचकीत कागदावर जो लेप असतो तो ओला झाला की पानं एकमेकांना धरतात आणि वाळल्यावर अख्खी वीट होते, मग कुणाच्या बापाला सुटत नाही. मॉस्कोहून मराठीत छापून यायची ती पोरांची पुस्तकं, ज्यांचा वास अजून आठवतो, ती गेली. बांधून घेतलेले दिवाळी अंक गेले, कापडी बाइंडिंगचा लाल रंग सगळ्या पानांत उतरला. मेनरोडच्या फुटपाथवर घेतलेली, मालकासकट नाहीशा झालेल्या कुठल्या कुठल्या लायब्रऱ्यांचे शिक्के असलेली, सात दिवसांत परत करावे असं लिहिलेली, ती तर ओल्या पोळीसारखी… नको, राहू दे.

वाचलं काय? २०२१च्या डिसेंबरात आडगावला साहित्य संमेलन झालं तेव्हा हौसेने घेतलेली आणि प्लास्टिकचं वेष्टनही न फाडलेली पुस्तकं. कोरडी ठणठणीत! म्हणजे जी वाचली ती गेली आणि जी वाचली नाहीत ती वाचली, यावर आई इतकी हसली की मला राग आला आणि मग मी पण हसले.

आणि पोथी. पणजोबांच्या वडिलांच्या हातची, सुट्या पानांची, वरखाली लाकडी फळ्या आणि भोवती लाल कापड. सगळ्यात वरच्या खणात, म्हणजे पाण्याच्या थेट खाली. कापड पिळून निघालं, कडेची पानं भिजली, पण अक्षर जागच्या जागी. बाबांनी मला हातच लावू दिला नाही, म्हणाले काजळीची शाई आहे, पाण्यात विरघळत नाही पण ओली असताना बोट फिरवलंस तर पुसेल. पान हातकागदाचं, ना डिंक ना शिवण, एकेक पान पाटावर पसरलं की झालं. शेवटच्या पानावर तो नेहमीचा श्लोक आहे, तैलाद्रक्षेत् जलाद्रक्षेत् रक्षेत् शिथिलबन्धनात्, म्हणजे मला तेलापासून जप, पाण्यापासून जप, बांधणी ढिली होऊ देऊ नको. आणि चौथी मागणी, मूर्खहस्ते न दातव्यम्, मूर्खाच्या हातात देऊ नको.

या चौथ्या मागणीवर माझं आता थोडं वेगळं मत झालंय, पण आधी भेटायला आलेल्या लोकांबद्दल बोलते. "नशीब टीव्ही दुसऱ्या भिंतीला होता." "पीडीएफ मिळते गं सगळ्याची." "तुकोबांच्या वह्या तरल्या, तुझी पण तरतील." एक काका म्हणाले, बरं झालं, जागा झाली. रद्दीवाला आला, त्याने एक गठ्ठा उचलून पाहिला आणि खाली ठेवला, "ओल्या रद्दीचं वजन धरता येत नाही ताई, वाळवून ठेवा मग नेतो." सगळ्यात प्रामाणिक तोच वाटला मला. वरचे काका-काकू आले तेव्हा मी भांडायचं ठरवून बसले होते, पण त्यांच्याच बेडरूममध्ये गाद्या भिजून पडलेल्या, काकू रडायला लागल्या, मग काय भांडणार. सोसायटीत आता स्लॅबच्या वॉटरप्रूफिंगचा खर्च कुणी करायचा यावर मीटिंगा चालू आहेत, त्या चालूच राहतील.

तर चौथी मागणी. मी पुस्तकं उसनी देणारी बाई आहे आणि न आलेल्या पुस्तकांसाठी मनातल्या मनात शिव्या घालणारी पण आहे. कॉलेजच्या मैत्रिणींनी नेलेली, ऑफिसातल्या एकाने बदली होऊन संभाजीनगरला नेलेली, आत्याने "वाचून देते" म्हणून नेलेली आणि आता तिच्याच कपाटात तिच्याच नावानिशी असलेली. कपाट रिकामं झाल्यावर एका रात्री बसून आठवायला लागले आणि लक्षात आलं की माझ्या संग्रहातलं जे काही चांगलं आज धड शिल्लक आहे ते सगळं या लोकांकडे आहे. मी काचेआड जपलेलं गेलं आणि यांनी डब्यात, बसमध्ये, गादीखाली कोंबलेलं आहे. परवा एक मैत्रीण कानकोंडी होऊन एक कथासंग्रह घेऊन आली, मुखपृष्ठ नाही, पानं दुमडलेली, कुठेतरी हळदीचा डाग. मी तो तसाच छातीशी धरला. बाबा म्हणतात, सावानाचं, म्हणजे सार्वजनिक वाचनालय नाशिकचं, कार्ड काढ परत, १८४०पासून लोक नेतायत आणि आणतायत, तिथे काय कमी आहे. काढणार आहे. आईच्या भिशी मंडळात 'ग्रंथ तुमच्या दारी' योजनेतली पुस्तकांची पेटी येते, त्यातलं एक सध्या मी वाचतेय.

अडचण अशी की उसन्या पुस्तकांची माझी वही पण त्याच कपाटात होती. जुन्या नोंदी बॉलपेनच्या, त्याची शाई तेलाची असते, त्या स्पष्ट वाचता येतात, पण त्यातले निम्मे लोक आता कुठे आहेत देव जाणे. गेल्या काही वर्षांतलं सगळं मी जेलपेनने लिहिलं, हौस, तिथे नुसते जांभळे ढग आहेत. एका ढगात "प्रा." एवढं लागतं, पुढे काही नाही.

म्हणून हे लिहितेय. माझी पुस्तकं ज्यांच्याकडे असतील, पहिल्या पानावर उजव्या कोपऱ्यात माझी सही आणि खाली नाशिक असं असतं, त्यांनी फक्त कळवा की हे आमच्याकडे आहे. मी नवीन वही केलीय, या वेळी बॉलपेन. पुस्तक आणून मात्र इतक्यात देऊ नका. रंगारी म्हणतो भिंत दिवाळीपर्यंत वाळणार नाही, आणि सुताराने ॲडव्हान्स घेतल्यापासून फोन उचललेला नाही.