हर्नमधला खाटकाचा गाळा : केंटच्या पहिल्या मायक्रोपबची एक दुपार

मामांनी दारातूनच आत नजर टाकली आणि म्हणाले, "अगं, हा तर गाळा आहे. आपल्या दुकानाएवढासुद्धा नाही."

त्यांचं चिपळूणला किराणा मालाचं दुकान होतं, त्यामुळे गाळा किती फुटांचा हे त्यांना उंबऱ्यावरून कळतं. आणि त्यांचं बरोबरच होतं. इंग्लंडच्या केंट परगण्यातल्या हर्न गावातला 'बुचर्स आर्म्स' हा पब म्हणजे मुळात खाटकाचं दुकान. मांस टांगायचे लोखंडी आकडे अजून छताला आहेत आणि मांस तोडायचे जाड लाकडी ठोकळे टेबलं म्हणून वापरात आहेत. डझनभर माणसं बसली की खोली भरली. इंग्लंडमध्ये आज मायक्रोपब, म्हणजे एका खोलीचे चिमुकले पब, म्हणून जी काही शे ठिकाणं आहेत, त्यांतलं हे पहिलं. मार्टिन हिलियर यांनी ते २००५ च्या नोव्हेंबरात सुरू केलं.

महिना महत्त्वाचा आहे. त्याआधी दारूविक्रीचा परवाना दंडाधिकाऱ्यांकडून घ्यावा लागे आणि लहान माणसाला तो मिळवणं जिकिरीचं होतं. २००३ चा नवा कायदा २००५ च्या नोव्हेंबरात अमलात आला, परवान्याचं काम स्थानिक कौन्सिलकडे गेलं आणि रस्त्यावरच्या एका रिकाम्या गाळ्यात पब काढणं शक्य झालं. हिलियर यांनी २००९ मध्ये ईस्टबोर्नला 'कॅमरा' या बिअरप्रेमींच्या संघटनेच्या वार्षिक सभेत आपला अनुभव सांगितला, आणि तिथून ही कल्पना पसरली. त्याच वर्षी हार्टलपूलच्या रेल्वे स्टेशनात 'रॅट रेस' उघडलं, २०११ मध्ये डील गावात 'जस्ट रिप्रोच'. पुढे बंद पडलेली किती दुकानं अशी पुन्हा उजेडात आली.

मामा तीन महिन्यांसाठी लंडनला माझ्याकडे आले होते. राजवाडे आणि संग्रहालयं पाहून झाली होती. मला त्यांना इथली माणसं भेटवायची होती. लंडनच्या मोठ्या पबमध्ये शुक्रवारी संध्याकाळी कानठळ्या बसतात, तिथे कोण कोणाशी बोलणार? म्हणून हर्न.

आता जायचं कसं ते. लंडनच्या सेंट पँक्रस किंवा व्हिक्टोरिया स्टेशनवरून हर्न बे ची गाडी पकडायची. दोन्हीकडून साधारण दीड तास लागतो. सेंट पँक्रसची गाडी वेगवान आहे, तिकीट थोडं महाग पडतं. तिकीट शनिवार-रविवारचं काढा, स्वस्त असतं. हर्न बे हे समुद्रकाठचं शहर आणि हर्न हे त्याच्या दक्षिणेला असलेलं जुनं गाव. नावं सारखी असल्याने गोंधळ होतो. स्टेशनवरून गाव पायी चाळीस मिनिटांच्या आसपास आहे, किंवा कँटरबरीकडे जाणारी बस गावातून जाते. परतीची शेवटची बस किती वाजता आहे हे जातानाच थांब्यावर पाहून ठेवा. रविवारी बस विरळ असतात.

गाडीत डाव्या-उजव्या बाजूला लक्ष ठेवा. मेडवे नदी ओलांडली की सिटिंगबोर्ननंतर टेनहॅम नावाचं छोटं स्टेशन येतं. आठव्या हेन्रीचा फळबागवाला रिचर्ड हॅरिस याने १५३३ मध्ये इथे राजासाठी सफरचंद-चेरीची मोठी बाग लावली होती. केंट फळांचा परगणा झाला त्याची ही एक ठळक खूण. पुढच्या फॅव्हरशॅमजवळ ब्रॉग्डेलला देशाचा फळझाडांचा संग्रह आहे. मध्येच टोकदार छपरांच्या गोल इमारती दिसल्या तर त्या हॉप्स वाळवायच्या भट्ट्या. हॉप्स म्हणजे बिअरला कडवटपणा देणारी वेलीची फुलं. ईस्ट केंट गोल्डिंग्ज हा त्यांचा नावाजलेला वाण याच मातीतला. पेल्यात जे पडणार आहे ते खिडकीतून आधी पाहून घेता येतं, हे मला फार आवडतं.

हर्नमध्ये उतरल्यावर पब उघडायला अवकाश असेल तर सेंट मार्टिनचं चर्च पाहा. निकोलस रिडली इथला धर्मगुरू होता. पुढे बिशप झाला आणि १५५५ मध्ये त्याला ऑक्सफर्डला जिवंत जाळलं. गावाच्या वर १७८९ ची लाकडी पवनचक्की आहे. अर्धा तास पुरे.

पबमध्ये शिरल्यावर पहिली गोष्ट कळते ती शांततेची. गाणी नाहीत, टीव्ही नाही, जुगाराचं यंत्र नाही. मायक्रोपबवाल्यांनी हे ठरवूनच पाळलंय. आम्ही आत पाऊल टाकलं तेव्हा सगळ्यांनी वर पाहिलं, एका आजोबांनी बाकावर सरकून जागा केली, आणि पाच मिनिटांत मामांना विचारलं, "कुठून आलात?" मामांचं इंग्रजी मोजकं. मी भाषांतर करत होते. थोड्या वेळाने माझी गरज उरली नाही, कारण विषय बंद पडलेल्या दुकानांवर आला होता आणि तो मामांना हातवाऱ्यांनीसुद्धा बोलता येतो.

जागा लहान का, याचं खरं उत्तर पिंपात आहे. ते समजलं की मायक्रोपब समजला. रिअल एल म्हणजे पिंपात जिवंत असलेली बिअर. कारखान्यातून निघताना तिच्यात यीस्ट शिल्लक असतं आणि थोडी साखरही. पबमध्ये आल्यावर पिंप घडवंचीवर आडवं ठेवतात. आतलं आंबणं चालूच असतं, त्यातून वायू तयार होतो, आणि बिअरमधली हलकी फुसफुस तीच. बाहेरून वायू भरलेला नसतो. वरच्या बुचात मऊ लाकडाची खुंटी ठोकून जादा वायू सोडतात, पुढच्या बाजूला तोटी बसवतात, आणि गाळ खाली बसेपर्यंत थांबतात.

मी हे मामांना सांगत होते तेव्हा ते मध्येच म्हणाले, "म्हणजे माडीच की." अगदी तसंच. झाडावरून उतरवलेली माडी सकाळी गोड, दुपारी चढती, संध्याकाळी आंबट. ज्याला ती विकायची आहे त्याच्यापाशी वेळ फार थोडा. रिअल एलचंही गणित हेच. बिअर काढली की तिच्या जागी पिंपात हवा शिरते. तीन दिवस चव उत्तम राहते, मग उतरायला लागते. नेहमीच्या लहान पिंपाला फर्किन म्हणतात. त्यात नऊ गॅलन, म्हणजे ७२ पिंट किंवा सुमारे ४१ लिटर बिअर मावते. दोन पिंपं उघडली तर १४४ पिंट, रोजचे ४८. बारा माणसांच्या खोलीत ते सहज खपतात. आता एखाद्या मोठ्या पबने दिमाखासाठी आठ तोट्या लावल्या, तर तीन दिवसांत ५७६ पिंट विकले गेले पाहिजेत. नाही गेले तर तुमच्या पेल्यात परवाची शिळी बिअर येते. लंडनमध्ये अशी व्हिनेगरसारखी बिअर मी एकदा प्यायले आहे आणि त्यावरून वर्षभर रिअल एलला नावं ठेवत होते. दोष पेयाचा नव्हता, पिंप वेळेत न संपल्याचा होता. गाळा लहान, पिंपं मोजकी, माणसं रोजची. म्हणून इथली बिअर ताजी.

अजून एक गैरसमज इथेच दूर करते. इंग्रज गरम बिअर पितात असं आपल्याकडे सर्रास म्हणतात. रिअल एल ११ ते १३ अंशांवर देतात, म्हणजे माठातल्या पाण्यापेक्षाही बरीच गार. मुंबईत बिअर बर्फासारखी गार देतात, त्या गारव्यात जिभेला काही कळत नाही. इथे पहिल्या घोटानंतर थांबा. आधी बिस्किटासारखा, भाजल्या धान्याचा वास, मग हॉप्सचा कडवटपणा, तोही कारल्याइतका नाही, मेथीच्या जवळपास. केंटच्या 'गॅड्स' या कारखान्याच्या काही बिअरना आकड्यांचीच नावं आहेत. त्यांतली कुठली फळ्यावर दिसली तर जरूर घ्या.

कसं मागायचं? पाटीवर नावापुढे टक्के लिहिलेले असतात. ३.८ पासून सुरुवात करा आणि वर जा, उलटं करू नका, कारण जड बिअरनंतर हलकी पाण्यासारखी लागते. पूर्ण पिंट ५६८ मिलिलिटरचा असतो. अर्धा मागण्यात कमीपणा काहीच नाही, उलट दोन-तीन प्रकार चाखायचे असतील तर तोच मार्ग. निवड होत नसेल तर घोटभर चव मागा, आनंदाने देतात. बिअर खरोखर आंबली असेल तर पेला अर्धा रिकामा करण्याआधी सांगा, हळू आवाजात, बाकीच्यांसमोर तक्रारीचा सूर न लावता. चांगला पबवाला स्वतः चाखून बदलून देतो. कोणी तुमच्यासाठी पेला आणला तर पुढची फेरी तुमची, ही रीत पाळा. मला पिंटला चार ते पाच पौंड पडतात. रोख पैसे जवळ ठेवा, सगळे मायक्रोपब कार्ड घेतातच असं नाही. फोन गप्प ठेवा. बोलायचंच असेल तर बाहेर जा.

शाकाहारी वाचकांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगते, कारण ती मला कोणी सांगितली नव्हती. बिअर निवळावी म्हणून पिंपात पुष्कळदा आयसिंग्लास घालतात. पाण्यात तुरटी फिरवल्यावर गढूळपणा खाली बसतो, तसं त्याचं काम. पण ते माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीपासून करतात. पालघरच्या किनाऱ्यावर घोळ मासा सापडला की त्याच्या पिशवीला केवढा भाव येतो याच्या बातम्या तुम्ही वाचल्या असतील. तशा पिशव्यांचा हाही एक उपयोग. आयसिंग्लास गाळासोबत तळाशी बसतं, पेल्यात जवळजवळ येत नाही, तरी ज्यांना चालत नाही त्यांनी विचारावं. 'अनफाइन्ड' किंवा 'व्हीगन' लिहिलेली बिअर आता बऱ्याच ठिकाणी मिळते. ती थोडी धुरकट दिसते आणि चवीला उत्तम असते.

मामा बिअर पीत नाहीत. त्यांनी सायडर घेतली आणि त्या दुपारचा त्यांचा आनंद तिथून सुरू झाला. आपल्याकडे सायडर म्हटलं की कोणाला सफरचंदाचा रस वाटतो, कोणाला बाटलीतली गोड फेसाळ सायडर आठवते. अस्सल सायडर म्हणजे ताज्या सफरचंदांचा रस पिळून आंबवलेला, न फेसाळणारा, बहुधा किंचित गढूळ. इंग्लंडच्या पश्चिमेला ती किंग्स्टन ब्लॅक, डॅबिनेट अशा खास सायडरच्या, तुरट-कडू सफरचंदांची करतात. केंटमध्ये मात्र खायच्या आणि शिजवायच्या सफरचंदांची, म्हणजे कॉक्स आणि ब्रॅम्लीसारख्यांची. त्यामुळे इथली सायडर हलक्या अंगाची, स्वच्छ आंबट, वाइनच्या जवळची. मामांनी घोट घेतला, डोळे मिटले आणि म्हणाले, "हिला मीठ नाही, साखर नाही, काही लपवलेलं नाही."

पण जपून. ही चव फसवी आहे. सायडर सहा-सात टक्क्यांची असते, बिअरच्या जवळजवळ दुप्पट, आणि रसासारखी घशाखाली उतरते. पहिल्यांदा जात असाल तर अर्ध्यावर थांबा आणि मध्ये पाणी मागा. नळाचं पाणी फुकट देतात. गाडी घेऊन मुळीच जाऊ नका. इथली कायदेशीर मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ८० मिलिग्रॅम आहे, आपल्याकडची ३०, म्हणून कोणी "इथे चालतं" म्हणेल. ऐकू नका.

खायला काय? जेवण नाही. असलंच तर चीज, डुकराचं मांस भरून भाजलेला 'पोर्क पाय', व्हिनेगरमधली अंडी, चिप्सची पाकिटं. हर्न बे ला समुद्रकाठी आधी जेवून घ्या. तिथे १८३७ चा घड्याळाचा मनोरा आहे आणि समुद्रात एकटंच उभं असलेलं धक्क्याचं टोक दिसतं. १९७८ च्या वादळात मधला धक्का वाहून गेला, टोक तेवढं उरलं. वय दिसायला तरुण असेल तर पासपोर्ट किंवा ओळखपत्र सोबत असू द्या. पबच्या वेळा निघण्याआधी तपासा, कारण मायक्रोपब बहुतेकदा एखाद-दोन माणसंच चालवतात, दुपारी मध्येच बंद असतात आणि आठवड्यात एखादा दिवस उघडतच नाहीत. चार-पाच जणांपेक्षा मोठा गट नेऊ नका. आठ जण एकदम शिरले तर गावकऱ्यांना त्यांच्याच खोलीत उभं राहावं लागेल.

आम्ही निघायच्या सुमाराला एका पिंपाची बिअर संपत आली. मागून पिंप जरासं कलतं केल्याचा आवाज आला, शेवटचा पेला निवळ निघाला, आणि पबवाल्याने फळ्यावरचं ते नाव ओल्या फडक्याने पुसलं. मामा उठून ते बघत उभे राहिले. "माल संपला की पाटी पुसायची," ते म्हणाले, "मीही संध्याकाळी हेच करायचो." मग त्यांनी सरकून जागा करणाऱ्या आजोबांसाठी अर्धा पिंट मागवला, पैसे स्वतःच्या हाताने दिले, आणि सात-दहाची बस आम्ही धावत पकडली.